कशाच्या तुलनेत?

आमच्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत दोन तऱ्हेचे निरोप रोज येतात. पहिला आपल्या बाजूचा असतो. कलौंजीच्या तेलानं अमक्याची साखर चाळीस दिवसांत उतरली. हिजामा केल्यावर तमक्याची कंबर मोकळी झाली. दुसरा निरोप बाहेरून फिरत आलेला असतो. मुसलमानांच्या धर्मामुळे लोकसंख्या वाढते. मुसलमानांमुळे कोरोना पसरला. पहिला निरोप आपण ‘सुभानअल्लाह’ लिहून पुढे पाठवतो. दुसऱ्यावर चिडतो, दुखावतो, कधी कधी भांडतो.

माझं म्हणणं असं आहे की हे दोन्ही निरोप एकाच घाण्यातून निघालेले आहेत. दोघांनाही एकच प्रश्न विचारायला हवा: कशाच्या तुलनेत? हा प्रश्न आपण फक्त दुसऱ्या निरोपाला विचारतो आणि पहिल्याला माफ करतो. तोवर आपल्या चिडण्याला नैतिक वजन नाही, असं मला स्पष्ट सांगायचं आहे.

आधी मुद्दा सोपा करून घेऊ. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांना तो पुस्तकाशिवाय कळेल. ताण्याचे धागे वारंवार तुटायला लागले की कच्चा माणूस घाबरून एकाच दिवशी सूत बदलतो, कांजीचं प्रमाण बदलतो, शेडमध्ये पाणी मारून ओलावा वाढवतो आणि लूमचं सेटिंगही हलवतो. दुसऱ्या दिवशी धागा तुटायचा थांबला, तरी तो कशामुळे थांबला हे त्याला सांगता येत नाही. मुरलेला मिस्त्री असं करत नाही. शेजारी शेजारी दोन लूम, दोन्हींवर तेच सूत, तीच कांजी, तोच कारागीर, तीच पाळी. एका लूमवर तो फक्त एकच गोष्ट बदलतो आणि दुसरा जसाच्या तसा चालू ठेवतो. मग दोन्हींवर किती धागे तुटले ते मोजतो.

शाळेच्या पुस्तकात ज्याला ‘चल’ म्हणतात, ती ही मुद्दाम बदललेली गोष्ट. ज्याला ‘नियंत्रण’ म्हणतात, तो जसाच्या तसा ठेवलेला दुसरा लूम. बाकीचं सगळं सारखं ठेवलं, म्हणूनच फरकाचं कारण सांगता येतं. विज्ञानाच्या प्रयोगाचा गाभा एवढाच आहे. आपली पोरं हे सातवी-आठवीत पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि घरी येऊन विसरतात, कारण घरात ते कुणी वापरत नाही.

गंमत अशी की याच बाबतीत आपण सर्वात जास्त बढाया मारतो. ‘विज्ञान मुसलमानांनी दिलं’ हे वाक्य दर दुसऱ्या जलशात ऐकू येतं, आणि इब्न अल-हैथम व अल-राझी ही दोन नावं घेतली जातात. नावं बरोबर आहेत. पण त्यांनी नेमकं काय केलं, हे सांगणारा वक्ता विरळाच.

इब्न अल-हैथम (सुमारे ९६५ ते १०४०) बसऱ्याचा, वारला कैरोत. त्याच्या ‘किताब अल-मनाझिर’मधला एक प्रयोग कुणीही घरी करून पाहावा. अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर बाहेर वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवले. आत भिंतीवर तितकेच प्रकाशाचे ठिपके पडले. मग त्यानं एकच दिवा झाकला. बाकीचे दिवे, भोक, भिंत, काहीच हलवलं नाही. त्या दिव्याच्या सरळ रेषेतला एकच ठिपका गेला. दिवा उघडला, ठिपका परत आला. सगळ्या दिव्यांचा प्रकाश एकाच भोकातून जाऊनही एकमेकांत मिसळत नाही, आणि तो सरळ रेषेत जातो, हे त्यानं अशा रीतीनं दाखवलं. अशा पडताळणीला त्याचा शब्द होता ‘इतिबार’. हाच शब्द उर्दूत येऊन ‘एतबार’ झाला आणि त्याचा अर्थ झाला भरवसा. आपण भरवसा ठेवला आणि पडताळणी विसरलो. शब्दाचा हा प्रवास आपल्या सगळ्या दुखण्याचं निदान करतो.

अबू बक्र अल-राझी (मृत्यू ९२५) रै शहराचा हकीम. त्याच्या टिपणांचा प्रचंड संग्रह ‘अल-हावी’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात एक नोंद आहे. सरसामची, म्हणजे मेंदूच्या दाहाची लक्षणं दिसणाऱ्या रोग्यांपैकी काहींचं त्यानं रक्त काढलं आणि एका गटाचं मुद्दाम काढलं नाही. हेतू हा की या उपायाबद्दल मत पक्कं करता यावं. त्या काळात तुलनेसाठी वेगळा गट ठेवावा हे सुचणं फार मोठी गोष्ट आहे.

पण वक्ते पुढची गोष्ट सांगत नाहीत. अल-राझीचा निष्कर्ष रक्त काढण्याच्या बाजूनं होता, आणि आज कुणीही डॉक्टर मेंदूच्या दाहावर रक्त काढणार नाही. गट दोन होते, तरी कोण कोणत्या गटात जाणार हे कसं ठरलं, रोगी किती होते, दोन्ही गटांत आजाराचा जोर सारखा होता का, हे त्या नोंदीवरून कळत नाही. युरोपातही शतकानुशतकं रक्त काढलं गेलं. १८३५ मध्ये पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरनं न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांचा हिशेब मांडला. पहिल्या चार दिवसांत ज्यांचं रक्त काढलं त्या ४१ पैकी १८ दगावले. उशिरा काढलं त्या ३६ पैकी ९. रक्त काढण्याचा जेवढा गवगवा होता, तेवढा गुण त्यात नाही, हे मोजणीतून बाहेर आलं. अल-राझीचा खरा वारस म्हणायचं तर मी लुईला म्हणेन, कारण त्यानं अल-राझीचं उत्तर सोडून त्याचा प्रश्न पुढे नेला. स्वतः अल-राझीनं जालिनूसच्या, म्हणजे गॅलेनच्या चुका दाखवायला ‘शुकूक’ नावाचं आख्खं पुस्तक लिहिलं. गुरूवर शंका घेणाऱ्याच्या नावानं आपण शंका बंद करतो.

त्याच्याच नावावर आणखी एक गोष्ट फिरते. बगदादमध्ये दवाखान्यासाठी जागा निवडताना त्यानं शहराच्या वेगवेगळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले आणि जिथं मांस सर्वात उशिरा कुजलं ती जागा निवडली. प्रयोग म्हणून गोष्ट झकास आहे: मांस तेच, वेळ तीच, बदलली फक्त जागा. पण ज्या अदुदी दवाखान्याशी ती जोडली जाते, तो अल-राझी वारल्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळानं उभा राहिला. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न अबी उसैबिआ यालाही ही विसंगती दिसली होती. आपल्या फॉरवर्ड करणाऱ्यांना आजही दिसत नाही.

आता कलौंजीकडे या. काळ्या दाण्यात मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर शिफा आहे, या आशयाची हदीस बुखारीत आहे, हे मला ठाऊक आहे. त्यावर पुढे बोलतो. आधी त्या चाळीस दिवसांचा हिशेब करू. साखरेचं निदान झालेला माणूस घाबरलेला असतो. कलौंजी सुरू करतो त्याच आठवड्यात तो मिठाई सोडतो, पाव कमी करतो, फजरनंतर चालायला लागतो, डॉक्टरची गोळीही घेत असतो. चाळीस दिवसांनी साखर उतरली. कुणामुळे? चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं. शिवाय माणूस उपाय शोधतो तेव्हा त्याचा आकडा बहुधा सर्वात वर असतो. वर गेलेला आकडा काहीही न करता थोडा खालीही येतो. कंबरदुखीचंही तेच. दुखणं असह्य झालं की माणूस हिजामा करायला जातो, आणि असह्य झालेलं दुखणं बऱ्याचदा आपोआपही ओसरतं. आणि ज्यांना गुण आला नाही, ते गटात लिहायला येत नाहीत. आपल्यापर्यंत पोहोचतात ते फक्त बरे झालेले.

खरा प्रयोग कसा असेल? साखरेचे शंभर-दोनशे रोगी घ्या. सगळ्यांची डॉक्टरांची औषधं चालूच ठेवा. नियंत्रण गट म्हणजे काही लोकांना औषधाविना सोडून देणं, ही समजूत चुकीची आहे. त्या गटाला आज उपलब्ध असलेला चांगला उपचार मिळतोच. मग चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एकाला कलौंजीच्या तेलाची कॅप्सूल, दुसऱ्याला तशीच दिसणारी साध्या तेलाची. कुणाला कोणती मिळाली हे रोग्यालाही माहीत नको आणि मोजणाऱ्यालाही नको. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी तपासा. कलौंजीच्या गटात साखर जास्त उतरली, तर मी स्वतः कलौंजीच्या बाजूनं लिहीन. कलौंजीवर काही छोटे प्रयोग झालेले आहेत, काहींत साखर थोडी उतरलेलीही दिसली. पण त्यांत बहुतेक ठिकाणी नेहमीच्या गोळ्या चालू होत्या आणि कलौंजी त्यांच्या जोडीला होती. त्यावरून ‘गोळ्या बंद करा, कलौंजी घ्या’ हे कुठून आलं? ज्या मुलाच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याच्या आईला कुणी हा सल्ला दिला आणि तिनं तो ऐकला, तर काही दिवसांत जनाजा उठू शकतो. मी हे लिहितोय ते याच भीतीपोटी.

गटात मी ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: तुमचं ईमान कमजोर आहे. म्हणून दीनच्या अंगानंही बोलू. सहीह मुस्लिममध्ये मदिनेच्या खजुरांचा प्रसंग आहे. लोक मादी झाडांना नराचा पराग लावत. त्याची गरज वाटत नाही, असं पैगंबर (स.) म्हणाले. लोकांनी ते सोडलं, पीक घटलं. ते कळल्यावर, तुमच्या दुनियेच्या गोष्टी तुम्हाला अधिक कळतात, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. एक गोष्ट बदलली, परिणाम दिसला आणि परिणामाचा मान राखला गेला. ज्यांच्या नावानं आज पडताळणीला बंदी घातली जाते, त्यांनी स्वतः शेतातल्या पडताळणीपुढे आपलं मत बाजूला ठेवलं. चौदाव्या शतकात इब्न खल्दूननं ‘मुकद्दिमा’मध्ये लिहून ठेवलं की पैगंबरांच्या नावे सांगितलं जाणारं वैद्यक हे त्या काळच्या अरबांच्या रीतीभातीतलं आहे, ते वहीचा भाग नाही, पैगंबर आले शरियत शिकवायला, वैद्यकी शिकवायला नव्हे. इब्न खल्दूनचं ईमान मोजायला आपल्यातलं कोण पुढे येणार?

आता दुसऱ्या निरोपाकडे. ‘मुसलमानांना धर्मामुळे जास्त मुलं होतात.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुलं होत होती आणि हिंदू स्त्रीला ३.३. २०१९-२१ मध्ये हे आकडे २.४ आणि १.९ झाले. या तीस वर्षांत कुराण बदललं नाही, नमाज बदलली नाही. जी गोष्ट बदललीच नाही, तिनं ४.४ चे २.४ कसे केले? बदललेली गोष्ट शोधायला हवी. त्याच सर्वेक्षणात शाळेचं तोंड न पाहिलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुलं आहेत आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या स्त्रीला १.८. बिहारमध्ये सगळ्या धर्मांची मिळून सरासरी ३.०, म्हणजे देशभरातल्या मुस्लिम सरासरीहून अधिक.

म्हणून शिक्षण, उत्पन्न, राज्य, गाव की शहर, हे सगळे घटक सारखे धरून दोन बायकांची तुलना करायला हवी. तशी केली की धर्माधर्मातला फरक बराच आक्रसतो. तो प्रत्येक ठिकाणी शून्य होतो, असं मी म्हणणार नाही. आपल्या बाजूचा दावाही फुगवायचा नाही, हाच तर या लेखाचा मुद्दा आहे.

२०२० मध्ये जे झालं, ते आपण विसरलेलो नाही. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ तबलीगच्या कार्यक्रमाशी जोडलेले आहेत. आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. बंद जागी गर्दी झाली होती आणि गर्दीत विषाणू पसरला, हेही खरं. पण मरकजमध्ये गेलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना शोधशोधून तपासलं जात होतं, तेव्हा इतर किती लोकांची तशी तपासणी होत होती? त्याच आठवड्यांत इतर कारणांनी जमलेल्या गर्दीतल्या किती जणांना घरी जाऊन शोधलं? जिथं दिवा लावाल तिथंच वस्तू सापडते. तुलनेचा गटच नव्हता. घटक होता गर्दी, नाव लावलं गेलं धर्माचं. भाजीवाल्यांची नावं विचारून त्यांना गल्लीतून हाकलण्यापर्यंत मजल गेली. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अहमदनगर जिल्ह्यातले परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तुलना न करता काढलेला निष्कर्ष माणसाचं काय करतो, हे या देशात आपल्याइतकं कुणाला कळायला हवं? तरीही आपण घरात तीच सवय पाळतो. गोमूत्रानं कॅन्सर बरा होतो म्हणणाऱ्याला आपण हसतो, पुरावा मागतो. तो पुरावा म्हणून बरे झालेल्या चार जणांची नावं देतो, आणि आपण म्हणतो चार नावं म्हणजे पुरावा नाही. अगदी बरोबर. मग आपल्या चार नावांचं काय?

काही मित्र म्हणतात, बाहेरचे टपून बसलेले असताना घरातलं उकरून कशाला काढता? वेळ पाहा. मी वेळ पाहूनच लिहितोय. न्यायाचा तराजू बाहेर मागायचा असेल, तर तो घरी वापरात असावा लागतो. लोकसंख्येच्या वादात ‘शिक्षण सारखं धरा, मग बोला’ असं आपण म्हणतो, तेव्हा समोरचा आपल्या गटातला कलौंजीचा निरोप दाखवून विचारू शकतो: इथं तुम्ही काय सारखं धरलं होतं? आणि आजार वेळ पाहत नाही. समाजाची परिस्थिती सुधारेपर्यंत कुणाची साखर थांबून राहत नाही.

शिवाय या पद्धतीला घाबरायचं कारण काय? ती बहुतेक वेळा गरिबाच्या बाजूनं उभी राहिली आहे. क्षयरोग्याला चांगली हवा, सकस अन्न आणि पूर्ण आराम हवा, म्हणून सॅनेटोरियमशिवाय गत्यंतर नाही, हे एकेकाळी सगळे मोठे डॉक्टर मानत. झोपडीतल्या माणसाला ते मिळणं शक्य नव्हतं. १९५६ पासून मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्रानं १९३ गरीब रोगी घेतले आणि चिठ्ठीच्या पद्धतीनं दोन गट केले. औषधं दोघांना तीच, वर्षभर. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपल्याच दाटीवाटीच्या घरात, आपल्याच तुटपुंज्या जेवणावर. १९५९ मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांचं बरं होणं जवळपास सारखं, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही घरी उपचार घेतल्यामुळे वाढलं नाही. काम औषध करत होतं. त्यातून घरी राहून क्षयाचा उपचार घेण्याचा रस्ता जगभर खुला झाला. भिवंडीचा लूम कामगार आज घरी राहून गोळ्या घेतो, त्यामागे तो एक नीट आखलेला नियंत्रण गट आहे.

आणि आपलं जे खरं आहे, ते या परीक्षेत टिकतंही. सर्पगंधा ही हकीम-वैद्यांची जुनी वनस्पती. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकींनी १९३१ मध्ये तिच्यातून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला ‘अजमलीन’ म्हटलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरचा तिचा अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला. पुढे तिच्यातलं रिसरपीन वेगळं झालं. १९६७ मध्ये अमेरिकेत १४३ माजी सैनिकांवर रक्तदाबाच्या औषधांचा प्रयोग झाला. एका गटाला तीन औषधं एकत्र, त्यात रिसरपीन होतं. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. दुसऱ्या गटात २७ जणांना गंभीर धोका उद्भवला, पहिल्यात फक्त दोघांना. हकिमाच्या पाट्यावरची मुळी जगातल्या सर्वात कडक परीक्षेतल्या औषधांत जाऊन बसली. ती तिथं पोहोचली ती श्रद्धेच्या जोरावर नाही, तुलनेच्या जोरावर.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जुम्म्याच्या बयानात औषधाचा दावा करणाऱ्या इमामसाहेबांना नमाजनंतर अदबीनं विचारा: हजरत, कशाच्या तुलनेत? हिजामाचं दुकान थाटणाऱ्याला विचारा: न केलेल्यांचं काय झालं? युनानीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजात विचारावं: आपण दुसरा गट कधी ठेवणार? आणि टीव्हीवर कुणी आपल्या धर्माकडे बोट दाखवलं की त्यालाही आवाज न चढवता हेच विचारा: शिक्षण, पैसा, गाव सारखं धरलंत का? डॉक्टरची गोळी बंद करायला सांगणारा निरोप मात्र कुणाच्याही नावानं आलेला असो, पुढे पाठवू नका. तो तिथंच पुसून टाका.